‘रन’ला एका ओळीत बसवू नका : सोलापूरच्या इंग्रजी शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शिकवणारे सर्व शिक्षक आणि शिक्षिका

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात एक्सपोर्टची कागदपत्रं बघते. परदेशी खरेदीदारांची पत्रं वाचायची, त्यातलं डाइंगला, म्हणजे रंगाई खात्याला, काय सांगायचं, शिलाईला काय सांगायचं, पॅकिंगला काय सांगायचं ते मराठीत करून द्यायचं, हे माझं रोजचं काम. माझी मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यमात. त्यामुळे आपली मुलं इंग्रजी कसं शिकतात ते मला घरी दिसतं, आणि तेच इंग्रजी पुढे कुठे अडतं ते कारखान्यात दिसतं. हे पत्र एकाच शब्दाबद्दल आहे. आर, यू, एन. रन.

मुलीच्या वहीचं पान मधोमध दुमडलेलं असतं. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला अर्थ. रनसमोर पळणे, धावणे. टेकसमोर घेणे. गेटसमोर मिळवणे. सेटसमोर मांडणे. पान उलटं धरून पाठ करायचं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की घडाघडा म्हणून दाखवायचं. एका चाचणीत तिनं रनचा अर्थ ‘चालवणे’ लिहिला. घरी कुठल्यातरी वाक्यात तिनं तो ऐकला होता. त्यावर लाल फुली आली. त्या गुणासाठी मी हे लिहीत नाही. त्या फुलीनंतर तिनं ‘चालवणे’ खोडून ‘पळणे’ पाच वेळा लिहून काढलं आणि स्वतः शोधलेला बरोबर अर्थ चुकीचा म्हणून कायमचा टाकून दिला, याचं मला वाईट वाटलं.

आता कारखान्यातलं सांगते. एका खरेदीदाराच्या पत्रात ओळ होती, ‘डार्क शेड्स मस्ट नॉट रन’. नव्यानं लागलेला एक मुलगा तो कागद घेऊन माझ्याकडे आला. बारावीला इंग्रजीत चांगले गुण असलेला, कष्टाळू मुलगा. म्हणाला, “मॅडम, शेड पळते म्हणजे काय? मशीनवर कापड सरकतंय का?” बाजूला डाइंगमधले मामा उभे होते. त्यांची शाळा चौथीत सुटलेली. ते म्हणाले, “रंग जाऊ नये म्हणतोय बघ तो.” मामांना इंग्रजी येत नाही, पण रंग काय काय करतो ते ठाऊक आहे. मुलाला शब्द येत होता, पण त्या शब्दाला एकच दार आहे असं त्याला शिकवलं गेलं होतं, आणि ते दार पळण्याकडे उघडत होतं.

रंग जातो की नाही हे आमच्याकडे कसं बघतात तेही सांगते, कारण असा एखादा तुकडा वर्गात दाखवता येईल. गडद टॉवेलच्या तुकड्याला वेगवेगळ्या धाग्यांची पांढरी पट्टी शिवतात. सुती, लोकरी, पॉलिस्टर अशा धाग्यांचे पट्टे त्या एकाच पट्टीत शेजारी शेजारी विणलेले असतात. दोन्ही मिळून ठरलेल्या तापमानाच्या साबणपाण्यात धुतात, वाळवतात, आणि पांढऱ्यावर किती डाग उतरला ते करड्या रंगाच्या मोजपट्टीशी ताडून बघतात. ५ म्हणजे डाग नाही, १ म्हणजे माल गेला. या सगळ्या खटाटोपाला कारण असलेलं क्रियापद रन. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे ज्या वस्तूंनी या गावाचं नाव जगात नेलं, त्यांच्याबद्दल गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न याच शब्दात येतो, आणि आपल्या मुलाला त्यात माणूस पळताना दिसतो.

बरं, हा एकच अर्थ असता तर मी मुलांना कारखान्यातच सांगितला असता. पण त्याच दिवशीच्या डाकेत ‘प्रॉडक्शन रन’ होता, म्हणजे एका खेपेला सलग काढलेला माल. ‘वी आर रनिंग शॉर्ट’ होतं, म्हणजे साठा कमी पडत चाललाय. ‘टेबल रनर’ होता, म्हणजे टेबलावर लांबीनं अंथरायची अरुंद पट्टी, जी आपल्याकडे विणली जाते. ‘द ऑफर रन्स टिल थर्टीफर्स्ट’ होतं, म्हणजे देकार एकतीस तारखेपर्यंत लागू. आणि एका नव्या गिऱ्हाइकानं विचारलं होतं, ‘हू रन्स द युनिट?’ म्हणजे कारखाना कोण बघतं. पाच ठिकाणी रन, आणि पाचही ठिकाणी कोणी पळत नाही.

गंमत अशी की आपलं गाव हा शब्द शाळेबाहेर फार नीट वापरतं. ग्रिलवाल्याला विचारा, तो ‘रनिंग फुटा’चा भाव सांगतो. जुनी मोटारसायकल विकणारा ‘गाडी रनिंग आहे’ म्हणतो. तिचा वेग त्याला सांगायचा नसतो, ती बंद पडलेली नाही एवढंच सांगायचं असतं. पार्क मैदानावर खेळणाऱ्या पोरांना विचारा. चौकार गेला की फलंदाज जागेवर उभा राहतो, कोणी एक पाऊल पळत नाही, तरी चार रन लागतात. रन ही मोजायची वस्तू आहे हे त्या पोरांना पक्कं कळलेलं आहे. वर्गात आल्यावर मात्र तीच पोरं डोळे मिटून ‘पळणे, धावणे’ म्हणतात.

या शब्दाचा पसारा खरोखर किती आहे? ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाची पहिली आवृत्ती १९२८ साली पूर्ण झाली. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्यानं तपासताना ‘रन’ त्याच्याही पुढे गेला. पीटर गिलिव्हर या कोशकारानं या एका शब्दावर नऊ महिन्यांहून अधिक काळ काम केलं आणि क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ वेगळे काढले. ज्या शब्दानं कोशकाराचे नऊ महिने घेतले, त्याला आपण वहीतली एक ओळ देतो.

६४५ अर्थ कोणी पाठ करावेत असं मी म्हणत नाही. इंग्रजांची मुलंसुद्धा ते पाठ करत नाहीत. पण ते अर्थ वाऱ्यावर उडून आलेले नाहीत, त्यांना मुळं आहेत, आणि मुळं दाखवली की मुलांना फांद्या आपोआप दिसतात. या शब्दाच्या जुन्या रूपात पळणं आणि पाणी वाहणं, दोन्ही होतं. जर्मन भाषेत आजही पळण्याला ‘रेनन’ आणि पाणी ओघळण्याला ‘रिनन’ असे दोन सख्खे शब्द आहेत. इंग्रजीत ती दोन्ही कामं एकट्या रनकडे आली. म्हणून नदी रन होते, नाक रन होतं, डोळ्यातलं काजळ रन होतं, आणि धुताना रंग रन होतो. नळही रन होतो. सोलापुरात नळ ‘येतो’, आणि तो आला की सगळी गल्ली जागी होते, पण इंग्रजीत तो वाहतो.

दुसरी मोठी फांदी यंत्रांची. गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, आणि जे जे सलग सुरू राहतं ते सगळं रन होऊ लागलं. वेळापत्रकात ‘रन्स डेली’ असतं. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रोज पळते असं त्यात सांगायचं नाही, ती रोज असते, एवढंच सांगायचं आहे. इंग्रजीत ‘रन ऑफ द मिल’ म्हणून एक शब्दप्रयोग आहे, साधारण किंवा नेहमीच्यातलं अशा अर्थाचा. तो कारखानदारीतूनच आला: प्रतवारी न करता, जसा निघाला तसा माल. आपल्या गावात जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या लोक गिरणीच्या भोंग्यावर उठले, जेवले आणि पाळीला गेले, तिथल्या मुलाला हा शब्दप्रयोग समजवायला पाच मिनिटंही लागू नयेत. पण तो त्याला कुणी सांगतच नाही, कारण दुमडलेल्या पानाच्या उजव्या बाजूला तेवढी जागा नसते.

आता मला जे सगळ्यांत कळकळीनं सांगायचं आहे ते सांगते. या यंत्राच्या, दुकानाच्या, संस्थेच्या फांदीवरचं रन आपल्या भाषेत जवळजवळ नेहमी ‘चालणे’ किंवा ‘चालवणे’ असतं. दुकान चालतं, माग चालतो, शाळा चालते, भिशी चालते, घर चालतं. विड्या वळून पोट चालतं असं सांगणाऱ्या हजारो बायका या गावात आहेत. सिनेमा पंचवीस आठवडे चालतो, करार पाच वर्षं चालतो. इंग्रज ज्याला पळवतो त्याला आपण चालवतो. एवढी एक किल्ली मुलांच्या हातात दिली तर निम्मी कुलुपं उघडतील. आणि ती किल्ली मुलांकडे आधीपासून आहे, एकट्या मराठीतून नव्हे.

तुमच्या वर्गात बघा. पूर्व भागातल्या शाळेत निम्म्या घरांत तेलुगू बोलतात. दुकान चालतंय हे ती मुलं घरी ‘दुकाणं नडुस्तोंदि’ म्हणतात, आणि त्यातला मूळ धातू चालण्याचा, पायी चालण्याचा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या कन्नड घरांत ‘अंगडी नडीतद’. तिथंही धातू चालण्याचाच. उर्दू बोलणाऱ्या घरात दुकान ‘चलती है’. चार भाषा, दोन वेगवेगळी भाषाकुळं, आणि चारही ठिकाणी दुकान चालतं. पळत कुठंच नाही. असा वर्ग पुण्यात मिळायचा नाही. शिक्षकानं फळ्यावर ‘माय मदर रन्स अ शॉप’ लिहावं आणि एकेका मुलाला विचारावं, तुझ्या घरी हे कसं म्हणतात? पाच मिनिटांत फळा भरेल. घरची भाषा वेगळी म्हणून मागं बसणारं मूल त्या दिवशी पुढं येऊन बोलेल, कारण त्या दिवशी त्याच्याकडे सांगायला काहीतरी असेल.

निवडणुकीचं उदाहरणही घेण्यासारखं आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ होतो. इंग्लंडमध्ये मात्र तो ‘स्टँड’ होतो, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो. इंग्रजी ही एकाच साच्यातून निघालेली भाषा नाही, तिच्याही घरात दोन चाली आहेत, हे आठवीतल्या मुलाला या एका जोडीतून कळू शकतं. मग ‘बरोबर उत्तर एकच’ ही भीती थोडी कमी होते.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, आमच्या मुलांना एक अर्थ येत नाही, तुम्ही दहा कुठे सांगता? मला हे मान्य नाही, आणि का ते सांगते. आपली मुलं मराठीत हेच काम रोज करतात, न शिकवता करतात. ‘लागणे’ घ्या. भूक लागते. ठेच लागते. निकाल लागतो. नोकरी लागते. दम लागतो. वेळ लागतो. आंबे लागतात. हळद लागते. थिएटरात सिनेमा लागतो. नात्यानं कोण कुणाची काय लागते. गाडी फलाटाला लागते, आणि घाटात एखाद्याला गाडी लागते, तेव्हा खिडकीजवळची जागा द्यावी लागते. या शेवटच्या वाक्यात ‘लागणे’ तीनदा आलं, तिन्ही वेळा निराळं, आणि पहिलीतलं पोरही ते गोंधळून न जाता समजतं. त्याला विचारा, बाळ, ‘लागणे’चा अर्थ एका शब्दात सांग. नाही सांगता येणार. तुम्हालाही नाही, मलाही नाही. मूल तो शब्द वाक्यांतून शिकलं. भुकेजवळ ऐकला, ठेचेजवळ ऐकला, निकालाच्या दिवशी ऐकला. इंग्रजीच्या तासाला मात्र आपण वाक्यं काढून घेतो आणि सुटा शब्द हातात ठेवतो. डोकं तेच आहे, त्याला खाद्य मिळत नाही.

तिसरीच्या मुलाला रन म्हणजे पळणे एवढंच सांगितलं तर त्यात काही चूक नाही. सुरुवात तिथूनच व्हायची. खटकतं ते हे, की दहावीच्या मुलाच्या वहीतही तेवढंच असतं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहा वर्षं मूल हा शब्द बघतं आणि दहा वर्षांत त्या शब्दाला एकही नवा अर्थ चिकटत नाही. अवघड शब्दांवर मात्र आपण तास घालवतो. गाईडमधले लांबलचक शब्द, जे मूल पुढे वर्षातून एकदा वाचेल, त्यांचे समानार्थी, विरुद्धार्थी, सगळं पाठ. रन, सेट, टेक, गेट, पुट, मेक, टर्न हे छोटे शब्द ‘सोपे’ म्हणून सोडून दिलेले. माझ्या टेबलावर येणाऱ्या पत्रांत मुलं अडतात ती याच छोट्या शब्दांवर. लांब शब्द मोबाइलमध्ये शोधले की सापडतात, कारण त्यांना बहुधा एकच अर्थ असतो. छोट्या शब्दाला मोबाइल पंधरा अर्थ दाखवतो, आणि त्यातला कुठला उचलायचा ते वाक्य वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. ते ठरवायची सवय शाळेत लागली नाही तर पुढे फार उशीर झालेला असतो. त्या मुलानं मला विचारलं, म्हणून बरं झालं. न विचारणारे जास्त असतात. ते अंदाज करतात, लाजेनं गप्प बसतात आणि वर्षभरात इंग्रजीचा कागद दिसला की तो दुसऱ्याकडे सरकवू लागतात.

तुमच्यावर काय भार आहे ते मला दिसतं. एका वर्गात साठ मुलं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरायची, त्यात अभ्यासक्रम संपवायचा. म्हणून मी नवीन तास मागत नाही. जो तास शब्दार्थ पाठ करून घेण्यात जातो, त्यातलाच थोडा मागते.

वही दुमडू नका. अशा वीसेक छोट्या शब्दांना वहीत एकेक कोरं पान द्या. पाठ्यपुस्तकात, पाकिटावर, पाटीवर, सामन्याच्या समालोचनात, मोबाइलवर तो शब्द जिथे दिसेल तिथलं पूर्ण वाक्य मुलानं त्या पानावर उतरवावं आणि खाली आपल्या घरच्या भाषेत लिहावं. वर्ष संपलं की ती वही बंद करू नका, पुढच्या इयत्तेत तीच पुढे चालू द्या. पाचवीत रनच्या पानावर दोन वाक्यं असतील, दहावीपर्यंत तीस होतील. ती तीस वाक्यं ज्याची स्वतःची आहेत, त्याला एकतिसावं परकं वाटणार नाही.

चाचणीत सुटा शब्द देऊन अर्थ विचारू नका, वाक्य द्या. ‘द बस रन्स एव्हरी अवर’, ‘हर नोज इज रनिंग’, ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’. आणि मुलानं ‘साखर संपली’ लिहिलं तर पूर्ण गुण द्या, ‘साखर बाहेर पळाली’ लिहिलं तर फुली मारण्याआधी वर्गाला विचारा की पळते ती काय आणि संपते ती काय. क्रिकेटमधला रन आउट त्यांना माहीत आहेच. तिथे फलंदाज बाद होतो, इथे डबा रिकामा होतो.

शाळेतले शब्दकोश कपाटाबाहेर काढा. अनेक शाळांत ते नवेकोरे आहेत, कुलपात आहेत, आणि कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात आहे. एक जाड कोश टेबलावर उघडा ठेवा, रनच्या पानावर. ती नोंद रकान्यांमागून रकाने कशी लांबत जाते ते मुलांनी डोळ्यांनी बघू द्या, बोट फिरवू द्या.

आणि मुलानं तुम्हाला माहीत नसलेला अर्थ आणला तर त्याला वर्गासमोर सांगू द्या. माझ्या मुलीनं ‘चालवणे’ आणलं तेव्हा ती एवढंच मागत होती.

माझ्याकडून जे देता येईल ते देते. आमच्या पत्रव्यवहारातून गिऱ्हाइकाचं आणि कारखान्याचं नाव काढून मी रनची वाक्यं वेगळी लिहून ठेवली आहेत, खाली मराठीसह. रंग उतरलेली आणि न उतरलेली अशा तपासणीच्या पट्ट्याही आमच्याकडे टाकाऊत निघतात. वर्गात दाखवायला हव्या असतील तर मी स्वतः घेऊन येईन, सुट्टीच्या दिवशी किंवा पाळी सुटल्यावर. जूनमध्ये शाळा उघडते, त्याआधी कळवलंत तर प्रत्येक शाळेसाठी वेगळा संच करून ठेवते.

आपली नम्र,
टॉवेल कारखान्यात काम करणारी एक पालक
सोलापूर